मिस शिलिंगची चकती

हा लेख खरं तर इंग्लंडमधल्या एका छोट्या गावात सुरू व्हायला हवा. पण माझी आणि या बाईंची ओळख झाली ती आपल्या वर्कशॉपच्या मागच्या सिमेंटच्या पट्टीवर, एका बंद पडणाऱ्या गो-कार्टमुळे. तेव्हा आधी दोन मिनिटं तिथे थांबू.

थर्ड इयरला असताना आम्ही पाच जणांनी डिपार्टमेंटची धूळ खात पडलेली गो-कार्ट ताब्यात घेतली. तिचं मूळचं स्कूटरचं इंजिन पार गेलेलं होतं. वर्गणी काढून जुन्या बाजारातून एका १५० सीसी मोटरसायकलचं इंजिन आणलं, माउंटिंग वेल्ड केली, चेन जुळवली, पेट्रोलची टाकी सीटच्या मागे उंचावर बांधली आणि किक मारली. तिसऱ्या किकला इंजिन सुरू! त्या रात्री मेसमध्ये आम्ही जे काही मिरवलो, त्याची लाज पुढचे तीन आठवडे वाटत राहिली. कारण दुसऱ्या दिवशी कार्ट पट्टीवर काढली आणि ती मिसिंग मारायला लागली. सरळ जाताना ठणठणीत. पण उजवीकडे वळली की आधी एक आचका, मग भडभड काळा धूर, आणि पुष्कळदा तिथेच ठप्प.

मिसिंग म्हटलं की हॉस्टेलमधल्या प्रत्येकाच्या अंगात मेकॅनिक संचारतो. कोणी म्हणे प्लग, कोणी म्हणे कॉईल. प्लग तीनदा बदलला. कॉईल बदलली, सीडीआय बदललं, अर्थिंगची वायर घासून पुसून पुन्हा जोडली. टॅपेट सेट केले. मॅनिफोल्डमधून हवा ओढत असेल म्हणून रबर नवीन टाकलं. कार्ब्युरेटर इतक्या वेळा उघडला की त्याचे स्क्रू झिजले. १८०० रुपये गेले, एक सबमिशन बुडालं. आणि गंमत म्हणजे प्रत्येक दुरुस्तीनंतर कार्ट स्टँडवर चढवून रेस दिली की इंजिन असं गपगुमान चालायचं की जणू त्याला कधी काही झालंच नव्हतं.

वर्कशॉपचे मामा हा तमाशा रोज चहा पीत बघायचे. एके दिवशी त्यांनी विचारलं की गाडी खोकते वळताना, मग तुम्ही तिला उभी करून काय तपासताय? आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. पुढे आयसी इंजिन्सच्या सरांना हे सांगितलं तर ते हसायला लागले. ते म्हणाले की हाच आजार १९४० साली स्पिटफायर विमानाला होता आणि तो एका बाईने बरा केला होता. नाव शोधून या, मग बोलू.

दिवाळीच्या सुट्टीत मी ते नाव शोधलं. बिअ‍ॅट्रिस शिलिंग. आणि मग कार्ट बाजूलाच राहिली, मी त्या बाईंच्या मागे लागलो.

बिअ‍ॅट्रिसचा जन्म ८ मार्च १९०९ चा, इंग्लंडमधल्या हॅम्पशायर परगण्यात वॉटरलूव्हिल या गावी. वडील खाटीक. घरात इंजिनिअरिंगचा कुठे गंध नाही. पण ही पोरगी मेकॅनोचे तुकडे जोडत बसायची आणि खाऊच्या पैशातून चाकू, पाना, सरसाचं भांडं असल्या वस्तू विकत घ्यायची. चौदाव्या वर्षी तिने मोटरसायकल घेतली, रॉयल एनफिल्डची टू-स्ट्रोक. नुसती चालवायची नाही, खोलून पुन्हा जोडायची. इंजिनिअर व्हायचं हे तिचं तेव्हाच ठरलं होतं म्हणतात. १९२३ साल होतं हे. त्या काळात इंग्लंडमध्येही मुलीने असं काही ठरवणं म्हणजे घरच्यांच्या डोक्याला ताप.

तिचं नशीब एका गोष्टीत चांगलं. मार्गारेट पार्ट्रिज नावाच्या एक बाई होत्या, त्यांचा इलेक्ट्रिकलची कामं घेण्याचा स्वतःचा धंदा होता. गावोगावी वीज पोचवायची, जनरेटर बसवायचे, घरांचं वायरिंग करायचं. या पार्ट्रिजबाई मुद्दाम मुलींना हाताखाली घेत. शाळा संपल्यावर बिअ‍ॅट्रिस तीन वर्षं त्यांच्याकडे राबली. म्हणजे आपल्याकडे आयटीआय करून मग डिग्रीला येणारी मुलं असतात ना, तसंच काहीसं. अशा मुलांचा हात आणि आपला हात यातला फरक फर्स्ट इयरच्या फिटिंग शॉपमध्येच कळतो. जॉबच्या तिसऱ्या दिवशी आपण फाईल कशी धरायची हे शिकत असतो आणि ते तोवर जॉब जमा करून कँटीनला गेलेले असतात.

पार्ट्रिजबाईंनीच तिला पुढे शिकायला भाग पाडलं. १९२९ मध्ये तिने मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया युनिव्हर्सिटीत इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. त्या वर्गात मुली दोन, एक ती आणि दुसरी शीला मॅकगफी. तिथे इंजिनिअरिंगला आलेल्या पहिल्याच मुलींपैकी या दोघी. १९३२ मध्ये डिग्री, आणि १९३३ मध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंगमध्ये एमएस्सी. ब्रँच बदलण्याची ही कल्पना मला फार आवडली. आपल्याकडे सेकंड इयरला ब्रँच बदलायची तर किती अर्ज आणि किती सह्या!

पण डिग्री हातात आली ती मंदीच्या ऐन मध्यात. मुलांनाच नोकऱ्या मिळत नव्हत्या तिथे मुलीला कोण विचारतो. बर्मिंगहॅमला एका संशोधकाच्या हाताखाली सुपरचार्जर लावलेल्या सिंगल सिलिंडर इंजिनांवर प्रयोग करायचं काम मिळालं, ते तिने घेतलं. पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ तिथे आहे. सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबली तर किती पेट्रोल लागतं, कमी पडलं तर इंजिन काय करतं, जास्त झालं तर काय करतं, हे तिने हातांनी मोजलं होतं.

आणि या सगळ्या वर्षांत मोटरसायकल चालूच होती. इंग्लंडमध्ये ब्रूकलँड्स नावाचा रेसचा ट्रॅक होता, १९०७ मध्ये बांधलेला. वळणांवर भिंतीसारखा उभा, आणि सिमेंट काँक्रीटचा असून जागोजागी खचलेला. त्याच्या उंचवट्यांवर गाडीची दोन्ही चाकं जमीन सोडायची. तिथे रेसमध्ये ताशी १०० मैलांच्या वर लॅप मारणाऱ्या मोटरसायकलस्वाराला सोन्याचा तारा मिळत असे. १९३४ मध्ये बिअ‍ॅट्रिसने ५०० सीसीच्या नॉर्टनवर तो मिळवला. पुढे ताशी १०६ मैलांपर्यंत गेली, म्हणजे आपल्या भाषेत १७० किलोमीटरच्या आसपास. कातडी टोपी आणि गॉगल, एवढ्यावर! तो तारा मिळवणाऱ्या बायका त्या ट्रॅकच्या अख्ख्या इतिहासात फक्त तीन. फ्लॉरेन्स ब्लेंकिरॉन पहिली, शिलिंग दुसरी आणि १९३९ मध्ये थेरेसा वॉलक तिसरी. नॉर्टनला अधिक ताकद हवी म्हणून तिने पुढे तिला सुपरचार्जरही लावला. बर्मिंगहॅमचा अभ्यास असा लगेच कामी आला.

१९३६ मध्ये ती फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये लागली. विमानांवर संशोधन करणारी ही ब्रिटिश सरकारची मोठी संस्था. काम काय दिलं? तर इंजिनांची मॅन्युअल लिहिण्याचं. एमएस्सी झालेली, स्वतः सुपरचार्जर बसवणारी इंजिनिअर, आणि तिला टेबलावर बसवून पुस्तकं लिहायला लावली. ती त्यात रमणारी नव्हतीच. थोड्याच काळात धडपड करून तिने इंजिन विभागात बदली मिळवली आणि कार्ब्युरेटर हा तिचा विषय झाला.

१९३८ मध्ये तिने जॉर्ज नेलर या तिथल्याच सहकाऱ्याशी लग्न केलं. अशी गोष्ट सांगतात की तिने त्याला अट घातली होती, आधी ब्रूकलँड्सचा सोन्याचा तारा मिळव, मग लग्नाचं बघू. खरंखोटं तेच जाणोत. पण आमच्या रूमवर ही गोष्ट सांगितल्यावर दोघांनी तिथल्या तिथे लग्नाचा विचार पुढे ढकलला. नेलर पुढे युद्धात बॉम्बर विमानांचा पायलट झाला. म्हणजे विमानाचं इंजिन नीट चालणं हा बाईंच्या दृष्टीने नुसता ऑफिसचा विषय राहिला नव्हता.

(इथून पुढे मी त्यांना बाईच म्हणणार आहे. इतकं वाचल्यावर अरे-तुरे तोंडातून निघत नाही.)

आता मुख्य गोष्ट. १९४० साली ब्रिटनची हरिकेन आणि स्पिटफायर ही दोन्ही लढाऊ विमानं रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनावर उडत होती. २७ लिटरचं, बारा सिलिंडरचं, व्ही आकाराचं इंजिन, हजार हॉर्सपॉवरच्या वरचं. समोर जर्मनांचं मेसरश्मिट १०९, त्यात डेमलर-बेंझचं इंजिन. ताकदीत दोघे उन्नीस-बीस. पण जर्मन इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पिचकारीसारखं मारलं जायचं, आणि मर्लिनमध्ये होता फ्लोटचा कार्ब्युरेटर. तत्त्व तेच, जे आपल्या बापाच्या जुन्या स्कूटरमध्ये असायचं. एक वाटी, तिच्यात पेट्रोल, वर तरंगणारा फ्लोट. पेट्रोल वाढलं की फ्लोट वर येऊन सुईने रस्ता बंद करतो, कमी झालं की खाली जाऊन उघडतो. संडासाच्या टाकीतला बॉल कॉक आठवा.

आता कोणी विचारेल की रोल्स-रॉइसवाले काय मूर्ख होते का. तसं नव्हतं. कार्ब्युरेटरमधून आलेलं पेट्रोल सुपरचार्जरच्या आधी हवेत मिसळतं, वाफ होताना हवा थंड करतं, थंड हवा जास्त दाट भरते आणि इंजिनाला ताकद जास्त मिळते. हा हिशोब बरोबरच होता. फक्त एक गोष्ट त्यात बसत नव्हती. ही वाटी नेहमी सुलटी राहील असं धरलं होतं.

लढाईत व्हायचं असं. ब्रिटिश पायलट जर्मन विमानाच्या पाठीमागे लागायचा. जर्मन पायलट दांडा पुढे ढकलून सरळ खाली बुडी मारायचा. ब्रिटिशानेही दांडा पुढे ढकलला की त्याचं शरीर सीटवरून उचललं जायचं, पट्टे खांद्यात रुतायचे, आणि त्याच क्षणी इंजिन आचका द्यायचं. मग काळा धूर, मग काही सेकंद शुकशुकाट. तेवढ्यात जर्मन पसार. किंवा उलट, जर्मन मागे असेल तर तुमची चांगली वाट लागणार. जाईंट व्हीलमध्ये वरून खाली येताना पोटात खड्डा पडतो, त्याच्या कितीतरी पट जास्त. याला निगेटिव्ह जी म्हणतात. पायलटांनी यावर तोडगा म्हणून आधी विमान अर्धं उलटं करायचं आणि मग खेचून खाली जायचं अशी युक्ती काढली होती. त्यात पेट्रोल वाटीच्या तळालाच दाबून राहायचं. पण त्यात वेळ जायचा आणि हवेतल्या मारामारीत वेळच नसतो.

या मिसिंगचं निदान कसं झालं ते बघण्यासारखं आहे. टेस्ट बेडवर इंजिन बोल्टने आवळलेलं असतं. तिथे ते तास न् तास चालवा, त्याला काही होत नाही. बिघाड इंजिनात नव्हताच. तो होता विमानाच्या हालचालीत. वैमानिक सांगत होते त्यात खरं म्हणजे दोन वेगवेगळे आजार एकापाठोपाठ येत होते, आणि ते वेगळे काढणं हेच निम्मं काम होतं.

पहिला आचका पेट्रोल कमी पडल्याचा. निगेटिव्ह जी लागताच वाटीतलं पेट्रोल छताला जाऊन चिकटतं, तळाची जेट उघडी पडतात, इंजिनाला पेट्रोलऐवजी हवा मिळते. पण हा आचका क्षणभराचा. त्यानंतरचा मोठा दणका बरोबर उलट्या कारणाने येत होता. पेट्रोल आणि फ्लोट दोन्ही भलत्या जागी गेल्यामुळे सुईचा रस्ता सताड उघडा राहायचा, आणि पंप पूर्ण जोराने पेट्रोल आत ढकलायचा. पंपाची ताकद इंजिनाच्या गरजेपेक्षा खूप जास्त होती, ती तशी ठेवावीच लागते. कार्ब्युरेटर तुडुंब भरायचा आणि इंजिन पेट्रोलात बुडून गुदमरायचं. काळा धूर त्याचाच. म्हणजे आधी उपासमार, मग अजीर्ण. नुसत्या उपासमारीवर औषध शोधत बसलं असतं, तर पेट्रोल वाढवायची बुद्धी झाली असती आणि रोग आणखी बळावला असता.

बाईंनी उपाय केला तो इतका छोटा की चित्रात काढायलाही लाज वाटावी. पितळेचा एक टोपणासारखा तुकडा, मधे मोजून पाडलेलं भोक. पुढे तोही साधा करून नुसती चपटी चकती केली. ही कार्ब्युरेटरच्या आधी पेट्रोलच्या पाइपात बसवायची. भोकाचा आकार असा की पूर्ण ताकदीवर इंजिनाला जेवढं पेट्रोल लागतं, त्याच्या किंचित वर तेवढंच त्यातून जाईल. म्हणजे सुई उघडी राहिली तरी पूर कधी येणारच नाही. इंजिनाच्या बूस्टप्रमाणे तिच्या दोन जाती केल्या होत्या, एक १२ पौंडांसाठी आणि एक १५ पौंडांसाठी.

मला यात सगळ्यात ग्रेट वाटतं ते वेगळंच. ही चकती बसवायला विमान कारखान्यात पाठवावं लागत नव्हतं. एअरफील्डवर, तिथल्याच मेकॅनिककडून, पाना फिरवून ती बसत होती. देशावर रोज बॉम्ब पडत होते, एकेक विमान मोलाचं होतं. अशा वेळी नवा, निर्दोष कार्ब्युरेटर डिझाइन करायला घेतला असता तर तो कागदावर सुंदर दिसला असता आणि विमानं तोवर खोकत राहिली असती. बाईंनी जे आज होतं ते केलं.

आणि ते करायला त्या स्वतः गेल्या. १९४१ च्या मार्चपर्यंत त्या छोटी टीम घेऊन एअरफील्डमागून एअरफील्ड फिरत चकत्या बसवून घेत होत्या. बाकीची माणसं आणि सामान गाडीतून, बाई आपल्या जुन्या नॉर्टनवर. ब्रूकलँड्सवर पळवलेली तीच ही गाडी, आता रस्त्यासाठी सौम्य केलेली. थंडीपावसात, ग्रीस लागलेल्या कपड्यात एक बाई मोटरसायकलवरून गेटवर येते आणि तुमच्या विमानांचं इंजिन नीट करायला आले आहे म्हणते, तेव्हा त्या पहारेकऱ्याचं तोंड कसं झालं असेल, हे मी बरेचदा डोळ्यासमोर आणून बघतो.

वैमानिकांनी त्या तुकड्याला नाव ठेवलं, मिस शिलिंगचं भोक. इंग्रजीत ते ऐकायला जास्तच वात्रट आहे आणि त्यांना तसंच हवं होतं. बाई तेव्हा लग्न होऊन मिसेस नेलर झाल्या होत्या हेही कोणी लक्षात घेतलं नाही. पण फौजेत ज्याला टोपणनाव मिळतं ती वस्तू आवडलेली असते.

हा पूर्ण इलाज नव्हता, हे मात्र सांगायला हवं. चकतीने पूर थांबला, पण विमान बराच वेळ उलटं उडवणं तिच्यामुळे शक्य झालं नाही. वाटीतलं पेट्रोल छतालाच जात होतं. १९४३ मध्ये बेंडिक्सचा फ्लोट नसलेला, दाबावर चालणारा कार्ब्युरेटर आला तेव्हा तो प्रश्न मुळातून मिटला. तोपर्यंतची दोनेक वर्षं लढाई या पितळी चकतीवर निभावली.

इंजिन स्वॅप हा आपला विषय आहे म्हणून एक जाता जाता. जगातल्या नावाजलेल्या इंजिन स्वॅपपैकी एक याच मर्लिनचा आहे. अमेरिकन मस्टँग विमानात मुळात अ‍ॅलिसन इंजिन होतं, उंचावर गेलं की दमायचं. १९४२ मध्ये रोल्स-रॉइसने त्यात मर्लिन बसवून बघितलं, १३ ऑक्टोबरला ते पहिल्यांदा उडालं, आणि साधारण विमानाचं असाधारण विमान झालं. त्यांच्या स्वॅपमध्ये मर्लिनचा कार्ब्युरेटर नव्या पद्धतीचा होता. आमच्यात नव्हता.

युद्धानंतर बाईंना ओबीई हा किताब मिळाला. पण त्या फार्नबरोतच राहिल्या, एकूण ३३ वर्षं. ब्लू स्ट्रीक या क्षेपणास्त्राच्या कामात त्या होत्या. पावसात ओल्या धावपट्टीवर विमानाचे ब्रेक का लागत नाहीत, यावर त्यांनी काम केलं. रॉयल एअर फोर्सच्या ऑलिंपिक संघासाठी बर्फावरची बॉबस्ले घसरगाडी बनवायलाही हात लावला. विषय बघा कसे आहेत, सगळीकडे काहीतरी घसरतंय नाहीतर बंद पडतंय. तिथल्या सगळ्यात वरच्या खुर्च्या मात्र त्यांच्या वाट्याला आल्या नाहीत. ब्रिटिश सरकारी नोकरीत बायकांना पुरुषांइतका पगार द्यायचं ठरलंच मुळी १९५५ मध्ये, आणि तेही हप्त्याहप्त्याने १९६१ पर्यंत. तेव्हा त्यांच्या नोकरीची पंचवीस वर्षं होऊन गेली होती. याचा राग त्यांना नसेल असं मला वाटत नाही. त्या मिळमिळीत बोलणाऱ्या नव्हत्या.

नवरा-बायको दोघांनी चारचाकी रेसिंग सुरू केलं. घरीच गाड्या उघडायच्या, घरीच सुटे भाग बनवायचे. १९६७ च्या सुमाराला अमेरिकन ड्रायव्हर डॅन गर्नीच्या ईगल या फॉर्म्युला वन गाडीचं इंजिन तापत होतं, तेव्हा सल्ल्यासाठी बाईंना बोलावलं गेलं. वय ५८! १९६९ मध्ये त्या निवृत्त झाल्या, त्याच वर्षी सरे युनिव्हर्सिटीने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. १८ नोव्हेंबर १९९० रोजी त्या गेल्या. फार्नबरोमध्ये त्यांच्या नावाने एक पब निघाला. विद्यापीठाच्या एखाद्या सभागृहापेक्षा हे त्यांना जास्त पटलं असतं असं आपलं मला वाटतं. तशी लंडनजवळच्या रॉयल हॉलोवे कॉलेजच्या एका इमारतीलाही पुढे त्यांचं नाव देण्यात आलं.

तर सुट्टी संपवून मी परत आलो आणि सरांना नाव सांगितलं. सरांनी एकच प्रश्न टाकला. मोटरसायकल वळताना झुकते, कार्ट झुकते का?

डोक्यात लख्ख उजेड पडला. मोटरसायकल वळणावर आडवी होते तेव्हा वाटीतलं पेट्रोल तिच्या मानाने सपाटच राहतं, जशी गोल फिरवलेल्या बादलीतलं पाणी सांडत नाही. तेच इंजिन चारचाकीत टाकलं की ते झुकायचं विसरतं आणि पेट्रोल एका अंगाला धावतं. पट्टीवर आमचं वळण साधारण ८ मीटर त्रिज्येचं, वेग ताशी २५. म्हणजे सेकंदाला ७ मीटर धरा, वर्ग करून ८ ने भागा, ६ आलं. सहा भागिले ९.८. म्हणजे वाटीतलं पेट्रोल तिशीच्या कोनात तिरपं! आमचा फ्लोट वाटीत एका अंगाला होता. उजवीकडे वळलं की पेट्रोल डावीकडे पळायचं, जेट उघडं पडायचं, हा पहिला आचका. फ्लोट खाली पडायचा, सुई उघडायची आणि उंचावर बांधलेल्या टाकीतून लोंढा यायचा, हा काळा धूर. स्टँडवर हे कसं दिसणार, कपाळ?

केमिस्ट्री लॅबमधून मेजरिंग सिलिंडर मागून आणला. सुई उघडी ठेवून मिनिटाला साधारण २५० मिली पेट्रोल येत होतं. इंजिनाची गरज काढली, पूर्ण ताकदीला ६० मिलीच्या आसपास. मामांनी एका जुन्या पितळी जेटला १ मिमीचं भोक पाडून दिलं. पुन्हा मोजलं, ७० मिली. जेट पाइपात बसवलं, दोन्ही बाजूंना क्लॅम्प आवळले, कार्ट पट्टीवर काढली आणि उजवीकडे कापली.

धूर नाही. कार्ट बंद पडली नाही. पहिला छोटा आचका तेवढा राहिला, कारण पेट्रोल अजूनही डावीकडे पळतंच. पुढच्या बॅचने वाटीत आडवी पत्री टाकून बघावी असं मामांचं म्हणणं आहे. कार्ट वर्कशॉपच्या मागे ताडपत्रीखाली आहे, किल्ली मामांकडे. ज्याला बघायचं असेल त्याने संध्याकाळी पाचनंतर यावं आणि पेट्रोल आपापलं आणावं.